सड्यावरचा डबा

“यात ओढा दिसत नाही,” आई म्हणाल्या.

जेवणाच्या टेबलावर त्यांनी भिंग धरलं होतं आणि भिंगाखाली ते यंत्र होतं. तळहाताएवढं, पिवळं-काळं, वरच्या बाजूला अंगठ्याएवढा अँटेना. मी म्हणालो, हा गाडीवाल्यांसाठी केलेला नकाशा आहे, यात रस्ते असतात, ओढे नसतात.

“आणि पायवाट?”

“पायवाटही नसते.”

“मग आहे काय यात?”

“पेट्रोल पंप आहेत. हॉटेलं आहेत. एटीएम आहेत.”

त्यांनी भिंग खाली ठेवलं. “आपल्याला हॉटेलात जायचं नाहीये, जयसिंगराव.”

आई म्हणजे माझ्या सासूबाई, सुमन इंगवले. सासरे गेल्यापासून त्या कराडला आमच्याकडेच राहत. मी तेव्हा दूध संघात संगणक विभाग सांभाळायचो, त्यामुळे घरात बटणं असलेली कुठलीही वस्तू अडली की ती माझ्यापुढे येऊन पडे. हे यंत्र बिघडलेलं नव्हतं. त्यात नकाशा नव्हता, एवढंच. म्हणजे होता, पण न्यूझीलंडचा. हॅमिल्टन गावातली गल्ली न् गल्ली त्यात होती आणि कराड म्हणजे पिवळसर रिकाम्या पडद्यावरचा एकटा ठिपका. गेले चार दिवस मी संध्याकाळी साडेसहाला घरी येत होतो, चहा पीत होतो आणि त्या ठिपक्याभोवती काहीतरी उमटावं म्हणून कॉम्प्युटरपुढे बसत होतो.

यंत्र माझ्या मेव्हण्याचं, परागचं. तो हॅमिल्टनला दूध पावडरच्या कारखान्यात इंजिनिअर होता. चार वर्षांपूर्वी वडिलांच्या वर्षश्राद्धाला आला, तेव्हा त्याला जिओकॅशिंग नावाच्या एका खेळाचं वेड लागलेलं होतं. एकाने आडजागी एक डबा लपवायचा, त्यात वही ठेवायची आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश खेळाच्या वेबसाइटवर टाकायचे. दुसऱ्यांनी असलं यंत्र घेऊन तो हुडकायचा, वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तिथे परत ठेवायचा. बक्षीस नाही, काही नाही. परागने पाटणच्या बाजूला घेराडे नावाच्या गावावरच्या सड्यावर एक डबा ठेवला. डोंगरमाथ्यावर उघड्या कातळाची सपाटी असते, तिला आमच्याकडे सडा म्हणतात. डबा ठेवून, वेबसाइटवर नोंदवून तो परत गेला. जाताना हे जुनं यंत्र आमच्या कपाटात टाकून गेला. त्यानंतर आला नाही.

त्या डब्याचं पान वेबसाइटवर होतं. डबा सापडला की सापडणारे तिथे दोन ओळी लिहीत. माझी बायको उज्ज्वला दर दोन-तीन महिन्यांनी ते पान उघडून आईंना वाचून दाखवी. पुण्याचं एक जोडपं, बंगळूरचे तिघे मित्र, एकदा एक जर्मन बाई. चार वर्षांत सतरा जण. आईंना सगळे तोंडपाठ होते. त्यांनी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली होती, ऐकलेला आकडा त्या विसरत नसत. त्या सड्याचे अक्षांश-रेखांशही त्या एका दमात सांगत. कोणी तो डबा शोधून काढला की त्यांचा तो दिवस बरा जाई.

नोव्हेंबरच्या शेवटी उज्ज्वलाने पान उघडलं तर वर एक सूचना होती. सप्टेंबरात कोणीतरी लिहिलं होतं की डब्याची कडी मोडली आहे, पाणी शिरलंय, वही भिजलीय. त्यावर देखरेख करणाऱ्या कुणा स्वयंसेवकाने कळवलं होतं: डब्याच्या मालकाने पंधरा डिसेंबरपर्यंत दुरुस्ती करून तशी नोंद करावी, नाहीतर डबा यादीतून काढला जाईल.

उज्ज्वलाने वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आईंनी कपाटातून यंत्र काढून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाल्या, आपण जाऊन नवी वही ठेवून येऊ.

मी म्हटलं, जाऊ की. किती सोपं वाटलं होतं.

पहिला नकाशा ऑफिसातल्या एका ड्रायव्हरकडून आणला, तो हा हॉटेलांचा. तो आईंना पटला नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांचं बरोबरच होतं. घेराडे त्यात होतं, पण तिथे रस्ता संपत होता आणि पुढे कोरा पडदा. दुसरा मिळाला एका डोंगर भटकणाऱ्या मित्राकडून. जुन्या छापील नकाशाची स्कॅन होती. त्यात ओढे होते, देवळं होती, विहिरीसुद्धा होत्या. आईंना तो फार आवडला. तो यंत्रात बसेल असा करून घेण्यात दोन संध्याकाळी गेल्या आणि फाटकात उभं राहून पाहिलं, तर यंत्राच्या मते मी मागच्या गल्लीतल्या शाळेच्या छपरावर उभा होतो. जुनी मोजणी आणि यंत्राची मोजणी यांची पद्धत वेगळी असते म्हणे. एकीचे आकडे दुसरीत बसवायचं गणित असतं, ते मला जमेना.

“मग शंभर पावलं बाजूला धरायची,” आई म्हणाल्या.

“कुठल्या बाजूला, आई?”

त्यांनी चेहरा असा केला की हे विचारायची माझ्यावर वेळच का यावी.

त्यातून ते यंत्र एका ठरावीक नावाचीच फाइल ओळखे. नवा नकाशा टाकला की जुना पुसला जाई. आईंना दोन्ही शेजारी शेजारी बघायचे असत. मी केबल लावायचो, काढायचो, परत लावायचो. उज्ज्वला म्हणाली, तू तिच्यावर चिडू नकोस. मी म्हणालो, मी त्यांच्यावर चिडत नाहीये, मी तुझ्या भावावर चिडतोय. ते खरं होतं. डबा त्याचा, यंत्र त्याचं, आई त्याची, आणि केबल माझ्या हातात.

शुक्रवारी दुपारी मी ऑफिसातून त्याला फोन लावला. तिकडे रात्र झाली असणार, पण मला त्याचं काही वाटलं नाही. पूर्वी पराग दर रविवारी सकाळी आईंना फोन करी. मग पंधरा दिवसांनी, मग तीन आठवड्यांनी. आणि बोलायचा किती, तर सहा-सात मिनिटं. मी त्याला सरळ सांगितलं की आई सड्यावर जायचं म्हणतायत, आम्ही नवी वही ठेवतो, तू फक्त वेबसाइटवर दुरुस्ती झाल्याची नोंद कर. ती मालकालाच करता येते, मी वाचलंय.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “दाजी, सोडा ना ते. मी आता खेळत नाही. पासवर्डसुद्धा आठवत नाही मला.”

“पासवर्ड नवा घेता येतो.”

“तिचे गुडघे कसे आहेत ते माहीत आहे ना तुम्हाला? कशाला चढवताय तिला? तुम्ही असं करा, सांगा तिला, डबा वाहून गेला म्हणून. पावसात गेला. तुम्ही सांगितलंत तर तिला पटेल.”

मी म्हटलं, मी खोटं सांगणार नाही. तो म्हणाला, मग तुमची मर्जी, मला उद्या सकाळची पाळी आहे. फोन ठेवला गेला. मी तसाच बसून राहिलो. पासवर्ड आठवायला किती मिनिटं लागतात, याचाच विचार करत होतो.

शनिवारी मला हवा तो नकाशा मिळाला. हौशी लोकांनी हिंडून-फिरून, मिळून काढलेला, फुकटचा. फाइल मोठी होती. घरचं इंटरनेट ऐंशी टक्क्यांवर दोनदा तुटलं, तिसऱ्यांदा ती पूर्ण उतरली. दोन नकाशे एकत्र करून एकाच नावाने कार्डवर टाकायची युक्तीही एका ठिकाणी सापडली. दुपारी चारला मी यंत्र चालू केलं आणि पडदा भरून गेला. तपकिरी रंगाच्या उंचीच्या रेषा, निळे ओढे, तुटक पायवाटा. घेराड्याच्या वरचा सडा ताटासारखा सपाट दिसत होता आणि पवनचक्क्यांसाठी केलेला एक कच्चा रस्ता वळसा घालून मागच्या बाजूने थेट त्या सपाटीवर गेला होता. रस्त्यापासून डब्यापर्यंत फार तर चारशे मीटर. चढ नाही, उतार नाही. आई छत्री टेकत गेल्या असत्या.

मला आनंद व्हायला हवा होता. आठवडाभराची कटकट संपली होती. पण मी तो पडदा बघत बसलो आणि मला पुढचं सगळं दिसायला लागलं. आम्ही जाणार, डबा सापडणार, आई नवी वही ठेवणार आणि रोज उज्ज्वलाला विचारणार, परागने नोंद केली का गं? पराग करणार नाही. पंधरा तारखेला डबा यादीतून जाणार. मग त्या कोणाला काय म्हणणार? मला वाटलं, त्यापेक्षा तो सापडूच नये. प्रयत्न केला, नाही मिळाला, वाहून गेला असेल. तोंडाने खोटं बोलायची माझी तयारी नव्हती. यंत्रात नकाशांची यादी असते, प्रत्येकापुढे बरोबरची खूण. मी नव्या नकाशापुढची खूण काढली. उंचीच्या रेषा गेल्या, ओढे गेले, पवनचक्क्यांचा रस्ता गेला. राहिलं घेराडे आणि त्यापुढचा कोरा पडदा.

आईंना सांगितलं, दुसरं काही मिळालं नाही, याच्यावरच जाऊ. त्यांनी विचारलं, ओढा नाहीच का मिळाला कुठे? मी नाही म्हणालो. त्या आत गेल्या. वहीला त्यांनी जाड प्लास्टिकची पिशवी शिवली होती, दोरा ओढून बंद होणारी. ती बघायला त्यांनी मला हाक मारली, पण मी टीव्ही लावून बसलो होतो.

रविवारी सकाळी आम्ही दोघंच निघालो. मुलीची परीक्षा होती, उज्ज्वला तिच्याबरोबर साताऱ्याला गेली होती. आईंनी बूट घातले होते, माझ्या मुलीचे जुने पांढरे बूट, आणि साडी थोडी वर खोचली होती. घेराड्याला पोचायला साडेदहा झाले. देवळापाशी गाडी लावली. यंत्रावर बाण होता आणि आकडा, एक पूर्णांक एक किलोमीटर. बाण सरळ डोंगराकडे. बाणाला डोंगर कळत नाही, तो फक्त दिशा दाखवतो. मला ते माहीत होतं आणि मी बाणामागे चालायला लागलो.

आधी शेतं होती, मग गवत. डिसेंबरातलं वाळलेलं, छातीपर्यंतचं, कुसळं कपड्यांना चिकटत होती. मी पुढे, आई मागे. मी दर पाच मिनिटांनी वळून विचारायचो, थांबायचं का? त्या हात हलवून पुढे चला म्हणायच्या. आठशे मीटर. सातशे. मला वाटलं होतं अर्ध्या तासात त्या परत फिरू म्हणतील. एक तास झाला तरी त्या म्हणाल्या नाहीत. एका ठिकाणी त्यांचा पाय घसरला आणि त्या हातांवर पडल्या. मी धावलो. त्यांनी तळहात पुसले, एक काटा काढला आणि विचारलं, “किती राहिलं?”

“चारशे.”

“मग चला.”

तीनशे चाळीसवर जमीन संपली. समोर एक घळ होती, तीन-चार माणसं खोल, दोन्ही बाजूंना करवंदीच्या जाळ्या. खाली दगड, पलीकडे उभा चढ. बाण घळीच्या पलीकडे बोट दाखवून उभा. मी म्हणालो, आई, बास आता. इथून जाता येणार नाही. गरजेपेक्षा जोरातच म्हणालो. आठवडाभराचा राग, परागचा, स्वतःचा, त्या बाणाचा, सगळा त्या वाक्यात गेला असणार.

आई दगडावर बसल्या. त्यांना धाप लागली होती. घळीच्या अलीकडे एक बाई गवत कापत होती, आमचा आवाज ऐकून ती विळा हातात घेऊन वर आली. पन्नाशीची, डोक्याला फडकं. तिने आमच्याकडे बघितलं, यंत्राकडे बघितलं आणि विचारलं, “त्ये डबडं हुडकाय आलाय व्हय?”

आई म्हणाल्या, हो.

“मग हिकडनं कशाला आला? हितं घळ हाय. ती मानसं वरनं येत्यात, पंख्याच्या रस्त्यानं. गाडी पार वर जाती.”

तिने विळ्यानेच रस्ता दाखवला. गावातून मागे जायचं, शाळेकडून वर वळायचं, नऊ-दहा किलोमीटर. आई उठल्या. परत उतरताना त्या माझा दंड धरून चालत होत्या.

गाडीपाशी आल्यावर त्या पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “जयसिंगराव, तो पंख्यांचा रस्ता या यंत्रात नाहीच का?”

मला नाही म्हणता आलं असतं. बाईने रस्ता सांगितला होता, तो यंत्राशिवायही सापडला असता. पण त्यांच्या तळहातावर काटा लागला होता तिथे रक्त सुकलेलं होतं. मी यंत्र घेतलं, नकाशांच्या यादीत गेलो आणि खूण केली. त्या शेजारीच उभ्या होत्या. पडदा भरला. त्यांनी पिशवीतून भिंग काढलं, यंत्र माझ्या हातातून घेतलं आणि बॉनेटवर टेकवून बराच वेळ बघत राहिल्या. बोटाने सडा शोधला, त्याच्या चारी कडा बघितल्या.

“हा कधी घातलात?”

“काल.”

त्यांनी मान हलवली आणि यंत्र परत दिलं. चष्मा पदराने पुसला. गाडीत बसल्यावर पट्टा लावला.

वरचा रस्ता खराब होता, पण गाडी गेली. पवनचक्क्यांच्या खाली गाडी लावली. वारा इतका की दार उघडायला जोर लागला. सड्यावर सगळीकडे काळा-तांबडा कातळ, मध्ये मध्ये वाळलेल्या गवताचे पुंजके. चारशे मीटर आम्ही दहा मिनिटांत चाललो. आकडा शून्यावर आला तेव्हा आजूबाजूला दगडच दगड होते. मी भेगांमध्ये हात घालून बघायला लागलो. आई उभ्या राहून नुसत्या बघत होत्या. मग त्या एका ठिकाणी गेल्या, जिथे तीन चपटे दगड एकावर एक होते, आणि खाली बसल्या. दगड त्यांनीच बाजूला केले.

आत स्टीलचा कडीचा डबा होता. झाकणाला पोचा पडलेला, कडी मोडून लोंबत होती. आईंनी तो मांडीवर घेतला आणि उलटा केला. खाली मशीनने ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं नाव होतं, सौ. सुमन द. इंगवले.

“हा माझा पोह्यांचा डबा,” त्या म्हणाल्या. “घरभर शोधला होता मी. कामाच्या कांताबाईवर संशय घेतला.”

वहीची पानं एकमेकांना चिकटली होती. पहिल्या पानावरचं परागचं अक्षर पसरून गेलं होतं, तारीख तेवढी वाचता येत होती. आईंनी ती वही कातळावर उन्हात ठेवली, वर दगड ठेवला. नवी वही उघडून तिच्यात नाव लिहिलं, तारीख घातली, कराड लिहिलं. मला पेन दिलं, मीही लिहिलं. कडी त्यांनी आणलेल्या तारेने बांधली. ही तयारी त्यांनी कधी केली होती मला माहीत नाही.

मला आता सांगणं भाग होतं. मी म्हणालो, आई, आपण वही ठेवली तरी नोंद परागलाच करावी लागते. तो करेल असं मला वाटत नाही. मी त्याला फोन केला होता.

“काय म्हणाला?”

“म्हणाला, तुम्हाला सांगायचं की डबा वाहून गेला.”

त्या तारेचं टोक आत वळवत होत्या. ते नीट वळवून झाल्यावर त्यांनी वर बघितलं.

“मला दिवाळीलाच सांगितलंय त्याने. पावसात वाहून गेला आई, मला कळवलंय कोणीतरी. उज्ज्वलाने पान वाचलं तर त्यात तसं कोणी काही लिहिलेलं नाही. मग मला वाटलं, बघावं. जवळ ओढा असेल तर गेलाही असेल. म्हणून विचारत होते तुम्हाला, ओढा कुठे आहे.”

मी भोवताली बघितलं. कातळ चारी बाजूंना सपाट पसरलेला. इथून पाणी वाहून नेऊन नेणार कुठे.

“तुम्ही मला का नाही सांगितलंत?”

“काय सांगू? माझा मुलगा माझ्याशी खोटं बोलतो का ते बघायला मला न्या, असं?”

त्यांनी डबा परत जागेवर ठेवला. तीन दगड त्याच क्रमाने लावले. मी हात दिला, त्या उठल्या, गुडघा धरून थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “त्याला कळवा, डबा मिळाला नाही म्हणून.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. वारा होता. मी म्हणालो, आई, मी त्याला आत्ताच्या आत्ता इथून फोन लावणार आहे. डब्याचा फोटो पाठवणार आहे. त्याला कळू दे.

“नको.”

“का नको?”

“सापडला म्हटलं की त्याला मला उत्तर द्यावं लागेल. मग फोन लावायचा म्हटलं की त्याला अवघड होईल. आधीच तीन आठवड्यांनी करतो.” त्यांनी वाऱ्याने उडणारा पदर खोचला. “त्याचं खरं होऊ दे.”

मी वाद घातला. बराच घातला, गाडीपर्यंत. म्हणालो, हे तुम्ही त्याला बिघडवताय, त्याचं वय काय, अक्कल काय. त्या ऐकत होत्या, मध्ये एकदा म्हणाल्या की खड्डा आहे, बघून चाला. गाडी सुरू केली तरी मी बोलतच होतो.

पाटणच्या अलीकडे त्या म्हणाल्या, “आणि उज्ज्वलाला सांगा, वाट चुकलो म्हणून उशीर झाला. एवढंच सांगा.”

मी आरशात बघितलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मला सॉरी म्हणायचं होतं, पण ते न म्हणताच कराडचा पूल येईपर्यंत गाडी चालवत राहिलो.

डबा पंधरा तारखेला यादीतून निघाला. पान तसंच राहतं, फक्त नावावर रेघ येते. उज्ज्वला हळहळली. मी तिला तेव्हा काही सांगितलं नाही. हे सगळं मी तिला सांगितलं ते आई गेल्यावर, सहा वर्षांनी, आणि तेही नकाशाचं सोडून. ते आज लिहितोय.

परागचा फोन त्याच्या पुढच्या रविवारी आला. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो, आई आत पलंगावर. त्याने विचारलं असावं, कारण त्या म्हणाल्या, “नाही रे, नाही सापडला. तू म्हणाला होतास तसंच. गेला असेल वाहून.” मग, “छे, कशाला वाईट वाटायचं, डबाच तो.” त्यानंतर त्याने काहीतरी सांगितलं आणि त्या हसल्या. मग कारखान्यातलं काही, मग तिकडच्या उन्हाळ्याचं, मग त्याने घरी लावलेल्या टोमॅटोचं. आई विचारत होत्या, तो सांगत होता. पेपर वाचून झाला तरी ते चालू होतं.

फोन ठेवून त्या बाहेर आल्या आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

“चाळीस मिनिटं बोलला आज,” त्या मला म्हणाल्या.